जयाचा उपास

जयानं त्या दिवशीही डबा उघडला नाही. सलग चौथा दिवस. शाळेमागच्या चिंचेखाली दोघीच बसल्या होत्या. वैष्णवीनं कारण विचारलं.

"फोटोत मी जाडी दिसते," जया म्हणाली. "पोरी हसतात. घास उतरतच नाही."

वैष्णवीला ते सगळं फार ओळखीचं वाटलं. दहावीचं वर्ष सुरू झाल्यापासून तीही दुपारी पाण्यावरच भागवत होती. पण तांड्यावरून तीन किलोमीटर चालत घाटंजीला येणारी मैत्रीण उपाशी बसते, हे तिला पाहवेना. तिनं जयाचा डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडून पुढं केला.

"अगोदर तू खा," जया म्हणाली. "मग मी."

वैष्णवी बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत राहिली. मग डोळे मिटून तिनं तो गिळला. जयानंही एक खाल्ला.

पुढं तोच नेम झाला. एक घास हिचा, एक तिचा. पहिले काही दिवस दोघी दोन-दोन घासांवरच उठल्या. एकदा वैष्णवीला मधेच रडू फुटलं. जयानं तिचा हात धरला, तो घंटा होईपर्यंत सोडला नाही. मग पाव भाकरी झाली, मग अर्धी. तुरीच्या सोल्यांची भाजी डब्यात येऊ लागली, तोवर जयाला पूर्ण भाकरी जात होती.

वैष्णवीनं हे घरी सांगितलं, तेव्हा तिची आई विजयमाला थक्क झाली. एवढ्याशा पोरीनं एका जिवाला जेवणावर परत आणलं होतं. लेकीच्या भरलेल्या गालांवरून ती नुसती हात फिरवत राहिली.

रविवारी विजयमाला तांड्यावर गेली. जयाची आई, तिची 'याडी', बिजलीबाई अंगणात तूर वाळू घालत होती. विजयमालानं सगळी हकिगत सांगितली, जयाला एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, असंही सुचवलं.

बिजलीबाईचे हात थांबले.

"माही जया तं घरी दोन्ही टाइम पोटभर जेवते, बाई," ती म्हणाली. "मले म्हणे, याडी, माही मैतरीण जेवणच सोडून बसली हाय. मी उपाशी दिसली, तरच ते खाते."