रबरी बुशचा कोड

बाळंतपणाची रजा संपवून ऑफिसात आले, तर माझ्या खुर्चीत नवी मुलगी, केतकी. "तुझ्यावाचून काही अडलंच नाही बघ, हिच्यामुळे," साहेब म्हणाले.

तिने भरलेले आयातीचे कागद मी मुद्दाम चाळले. रबरी बुश, म्हणजे यंत्रात धक्के शोषणाऱ्या रिंगा, तिने कस्टम्सच्या यादीतल्या यंत्रभागांच्या कोडखाली टाकल्या होत्या. कागदांसोबत आलेल्या नमुन्याच्या बुशमध्ये माझं नख सहज रुतलं.

"साहेब, हे मऊ रबर! यंत्रात बसलं तरी कस्टम्स याला रबरच धरतं. बंदरावर माल अडकला असता," सगळ्यांना ऐकवत मी म्हणाले.

"कुठून काढलास हा कोड?" साहेबांनी केतकीला विचारलं.

तिच्यासमोर माझीच जुनी फाइल उघडी होती, कोड माझ्याच अक्षरात. तिने ती हळूच मिटली.

"चुकलंच माझं, सर."

मला तिचा आणखीच हेवा वाटला.