वाकून दाखवा

माइकवरून नाव पुकारलं गेलं तेव्हा मालनबाईला वाटलं, आला एकदाचा आपला नंबर.

पंचवटीतल्या त्या मंगल कार्यालयात ती सकाळपासून प्लास्टिकच्या खुर्चीत पाठ अवघडून बसली होती. धाकटी जाऊ उज्वला म्हणाली होती, "आपल्या डब्यांच्या कंपनीचे पुण्याचे मोठे सर येणारेत ताई. पाठीची सूज कशानं उतरती, तुम्हाला कोणता डबा लागू पडंल, समोरासमोर विचारून घ्या." विचारायचं तर होतंच. हळदीच्या कॅप्सूल झाल्या, नाकाला पदर लावून माशाच्या तेलाच्या गिळून झाल्या, दुधात घालायची पावडर झाली. पाठ आपली होती तिथंच. पण डबे उज्वलानं निवडून दिलेले, आणि उज्वलाचा शब्द म्हणजे शब्द. तिच्या सांगण्यावरून मालनबाईनं डॉक्टरच्या गोळ्यासुद्धा बंद केल्या होत्या. गोळ्यांनी किडनी जाते म्हणे. घ्या आता.

जावा जावा उभा दावा म्हणतात, पण या दोघींनी ते खोटं पाडलं होतं. मखमलाबादच्या मळ्यात दोघी एकाच सरीत झेंडू तोडायच्या, एकाच डब्यात जेवायच्या. मालनबाईला सख्खी बहीण नव्हती आणि उज्वला घरात आल्यापासून बहिणीची उणीवही भासली नव्हती. आता दसरा तोंडावर आला होता, मळा पिवळाधमक झाला होता, आणि पाठीनं असंच छळलं तर यंदा तोडणी मजुरांवर सोडून ओट्यावर बसायची पाळी येणार होती. बसून खाणं मालनबाईच्या रक्तात नव्हतं. एवढी एक पाठ बरी व्हावी, दुसरं काही मागणं नव्हतं तिचं.

पदर सावरत ती स्टेजवर चढली. बघते तर माइक धरून उज्वलाच उभी. साडीवर निळा कोट, छातीवर बिल्ला. बाजूला टाय लावलेले सर हसत उभे होते. त्यांनी मालनबाईच्या पाठीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ते हॉलकडं बघत होते.

"या माझ्या मोठ्या जाऊबाई," उज्वला म्हणाली. घरात लय आणि नाय करणारी बाई, इथं टीव्हीतल्यासारखी बोलत होती. "मागच्या वर्षी यांना अंथरुणातून हलता येत नव्हतं. संडासला धरून न्यावं लागायचं. घरच्यांनी आशा सोडली होती."

कोण बिचारी म्हणायची ही, असं मालनबाईच्या मनात आलं. मग कळलं, ती बिचारी आपणच. काल दिवस मावळेपर्यंत मळ्यात फुलं तोडणारी बाई ती, आणि चारचौघांत तिचं संडासला जाणं काढलं होतं.

"उज्वला, अगं…" ती हळूच म्हणाली. पण माइक उज्वलाच्या तोंडाशी होता.

"आणि आज बघा," उज्वलानं हॉलकडं हात केला. "ताई, जरा वाकून दाखवा. तळवे खाली टेकवा."

मालनबाईनं तिच्याकडं पाहिलं. उज्वला लाडीगोडीनं हसत होती, मान हलवत होती. भरल्या मांडवात घरच्या माणसाला तोंडघशी कसं पाडायचं? आणि वाकायचं म्हणजे काय मोठं, जन्म वाकण्यात गेला होता. तिनं पदर खोचला, गुडघे ताठ ठेवून कमरेत वाकली आणि दोन्ही तळवे सतरंजीला टेकवले.

हॉल टाळ्यांनी दणाणला. "बघितलं?" सर म्हणाले. "या वयात!" पहिल्या रांगेत लासलगावाकडचा एक माणूस कमरेचा पट्टा सावरत उठला आणि म्हणाला, "ह्या मावशींचाच डबा द्या मला. दुसरा नगं." त्याच्यामागून लोक टेबलाकडं सरकू लागले.

मालनबाई अजून वाकलेलीच होती. तिचं दुखणंच मुळी ते होतं. वाकायला तिला कधी त्रास झाला नव्हता, उठताना व्हायचा. वर यायला गेलं की कमरेत अशी कळ निघायची की डोळ्यांपुढं अंधारी यायची. मळ्यात ती अशी अडकली की उज्वला हातातली पाटी टाकून धावायची, काखेत हात घालायची, आणि हळूहळू तिला उभी करायची. हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं, नवऱ्यालाही नाही. उज्वलानं ते आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं.

आत्ताही ती आली. माइक सरांच्या हातात देऊन तिनं मालनबाईच्या काखेत हात घातला आणि तिला इंच इंच वर घेतलं. लोकांना वाटलं, जावा जावा गळ्यात पडतायत. टाळ्या आणखी वाढल्या.

"वाकायला काय सांगितलंस गं?" मालनबाई कळ गिळत तिच्या कानाशी म्हणाली. "उठताना धरतं मला. तुला तर ठाऊक हाय."

"ठाऊक हाय म्हणून तर वाकायलाच सांगितलं, ताई," उज्वला म्हणाली. "आता जरा हसा. फोटो काढत्यात."