बिनकुटाची खिचडी

ईशानच्या रक्ताचा एक थेंब घेऊन यंत्राने त्याला आजवर झालेली प्रत्येक अ‍ॅलर्जी तारखेसकट सांगितली. एकच होती. सहा वर्षांपूर्वीची महाशिवरात्र.

"शेंगदाण्याची ना?" मृदुलाने विचारले.

"नाही, काजूची. शेंगदाणे चालतात त्याला," डॉक्टर म्हणाल्या.

त्या दिवशी बार्शीला, नणंदेच्या घरी, खिचडी खाता खाता ईशानचे ओठ सुजले होते. "मारलं असतंत माझ्या पोराला!" असे मृदुला सगळ्यांदेखत ओरडली आणि पुन्हा त्या घराची पायरी चढली नाही. तेव्हाच्या तपासणीनेही शेंगदाण्यावरच बोट ठेवले होते. गाडीतून उतरताना रडतो म्हणून तिनेच त्याला काजूकतली भरवली होती, हे तिला आत्ता आठवले.

तिने तिथूनच फोन लावला.

"ताई, चूक माझी होती. ईशानला दाणे चालतात. या शिवरात्रीला येऊ का? कूट घालून खिचडी करा."



"ये की. पण दाणे तूच आण. सहा वर्षं घरात शेंगदाणा नाही. आमचे हे बिनकुटाची खिचडी शिव्या देत गिळतात. म्हटलं, पोरगं कधी अचानक दारात आलं तर?"