मुख्य वाक्य

उताऱ्यातल्या मुख्य वाक्याखाली रेघ मारायची होती. सगळ्या वर्गानं 'काका सर्वांचे लाडके होते' हेच वाक्य धरलं, तेव्हा घारीच्या नजरेच्या बाईंना आधी कॉपीचाच संशय आला. एका पोरीनं मात्र भलत्याच वाक्याखाली रेघ मारली होती, तीही पान फाटेल इतकी दाबून.

"मुद्दाम करतेस ना? 'घरात मोठं कुणी नसलं, तरी काका खाऊ घेऊन येत.' हा नुसता तपशील झाला!" बाईंनी फुली मारली.

"पण बाई," पोरगी मान खाली घालूनच म्हणाली, "घरात मोठं कुणी नाही, हे काकांना दर वेळी कळतं कसं?"

बाईंचा हात थबकला. त्या तिच्या बाकावर टेकल्या आणि आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे कोण येतं गं?"