झोपेची अट

“झोपेची अट काढून टाका,” महादेवप्पा सर म्हणाले. “मग बघा, कसं झटक्यात उत्तर येतंय.”

अलीझानं की-बोर्डवरून हात उचलून मांडीवर ठेवले. लातुरातल्या सरांच्या क्लासचं आणि वसतिगृहाचं नवं वेळापत्रक तिला बसवायचं होतं. स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमला तिनं सगळ्या अटी सांगितल्या होत्या. इतक्या तुकड्या, इतक्या खोल्या, इतके शिक्षक. शिकवणी, जादा तास, रोजची परीक्षा, जेवण, आंघोळ आणि सात तास झोप. हे सगळं पाळून जास्तीत जास्त अभ्यास कसा होईल, ते प्रोग्रॅमनं शोधायचं. तो दर वेळी एकच सांगत होता: उत्तर नाही. म्हणजे या सगळ्या अटी एकत्र बसतच नाहीत.

“तुमचा प्रोग्रॅमच बिघडलाय.”

“तपासून दाखवते की, सर.”

असे प्रोग्रॅम तपासायला जगभर नमुना-गणितांचा एक संच वापरतात. कुणाच्या कारखान्याचं गणित, कुणाच्या विमानांचं. उत्तरं आधीच ठाऊक असलेली. अलीझानं ती सरांसमोर एकेक चालवली. प्रत्येक उत्तर जुळलं. काही गणितांना मुळात उत्तरच नव्हतं. तिथं प्रोग्रॅमनं तसं बेधडक सांगितलं.

सरांनी मोठी जांभई दिली. त्यांना जांभई द्यायला वेळ होता.

“ती गणितं तिकडली. हे लातूर हाय. जादा तास ही आपली ओळख हाय, त्याला हात लावायचा न्हाई. झोप माहितीपत्रकात राहू द्या, पालक बघतेत. फकस्त कम्प्युटरातून काढा.”

अलीझाला सकाळची तनुजा आठवली. शिरूर अनंतपाळहून शिकायला आलेली ही मुलगी मेसमध्ये ताटावर बसल्या बसल्या झोपली होती, भाकरीचा तुकडा हातात तसाच. मैत्रिणींनी हलवलं तेव्हा दचकून म्हणाली, “हजर, सर!” सगळे हसले. अलीझाची मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि अजून उतरली नव्हती.

“काढायचं असंल तर मला काढा, सर. अट ऱ्हाईल.”

“बरं,” सर म्हणाले, आणि तिला काढलं.

औशाला घरी जाताना बसमध्ये ती रडली, ते लपवण्यात काही अर्थ नाही. पण घरी पोचल्यावर तिनं तोंड धुतलं आणि ते गणित, सगळ्या अटींसकट, त्या जगभरच्या संचात पाठवून दिलं. नाव दिलं ‘लातूर’. उत्तराच्या जागी लिहिलं, ‘नाही’.

सरांनी ते वर्ष हातानं आखलेल्या वेळापत्रकावर रेटलं. पुढच्या वर्षी मात्र पालक हटून बसले. माहितीपत्रकातली झोप वेळापत्रकात कुठं आहे, ते दाखवा म्हणाले. सरांनी मग बेंगळुरूच्या मोठ्या कंपनीचा प्रोग्रॅम मागवला. तो घेऊन वीरण्णा नावाचा इंजिनिअर आला. मूळचा बिदरचा, मराठी बोलणारा. सरांनी त्या दिवशी अलीझाला मुद्दाम निरोप धाडला: उत्तर कसं काढतात ते बघायला या. तीही गेली. न जायला तिनं काय कुणाचं घोडं मारलं होतं?

“सगळ्या अटी पाळायच्या, झोपेसकट,” तिच्याकडे बघत सर वीरण्णाला म्हणाले. “ह्यांना न्हाई जमलं.”

वीरण्णानं अटींचा कागद वाचला. पुन्हा वाचला. मग तो हसायलाच लागला.

“सर, ह्ये तर ‘लातूर’ हाय की! ह्याच्यावर तपासल्याबिगर आम्ही प्रोग्रॅम विकतच न्हाई. आमचा प्रोग्रॅम ह्याला ‘उत्तर नाही’ म्हणाला, म्हणून तर पास झाला.”

सरांचा चेहरा पडला. अलीझाला इतका आनंद झाला की खुर्चीत बसवेना. तरी ती बसून राहिली.

“आरं, पण एवढ्या जगात,” सर चिडून म्हणाले, “एखादा तरी प्रोग्रॅम ह्याचं उत्तर काढत असंल का न्हाई?”

“असंल की, सर,” वीरण्णाच्या आधी अलीझाच बोलली. “पण तो नापास.”