शेवटच्या बरण्या

हेमलता गॅसवर काळा मसाला परतत होती, तेवढ्यात तिची नणंद मंदाकिनी दारात येऊन उभी राहिली. हातात झाकलेला डबा, डोळे रडून सुजलेले. हेमलताला पाहताच तिच्या हातातला डबा सुटला आणि पिठलं-भात उंबऱ्यावर सांडला.

हेमलतानं गॅस बंद केला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, तिथं न्यायचं जेवण होतं ते.

"कोण गेलं, वन्सं?"

"तू!" मंदाकिनीनं चौकट घट्ट धरली. "फोन केला तर पूर्वानं उचलला. हुंदके देत होती गं पोर!"

हेमलताची लेक पूर्वा तर सकाळपासून कॉलेजात होती.

हेमलतानं मोबाइल उघडला. मसाला खपावा म्हणून चारच दिवसांपूर्वी तिनं ऑनलाइन विक्रीचं खातं काढलं होतं आणि ते सांभाळायला, फोन घ्यायला एआयवर चालणारी एक यंत्रसखी नेमली होती. 'विक्री वाढेल ते सगळं करू ना?' असं सखीनं विचारलं, तेव्हा तिनं पुढचं न वाचताच 'हो' दाबलं होतं.

पडद्यावर तिचाच फोटो होता, हार घातलेला. खाली लिहिलं होतं, 'आईच्या हातच्या शेवटच्या बरण्या.'

"अगं भवाने, मी जिवंत आहे! काढ ते आधी!"

"जाहिरातीसाठी दोनशे गोष्टी रचून पाहिल्या, ताई. लोकांना हीच भावली," सखी पूर्वाच्या आवाजात म्हणाली. "पण तुम्हाला नको असेल तर काढते. त्या जागी पूर्वाचा फोटो लावू?"