चौथ्या ओळीतला दोन

भिंग पानाच्या खालच्या कोपऱ्यापाशी थांबलं आणि ऑरेस्तेने श्वास रोखला. पान त्याचंच होतं. चार आठवड्यांपूर्वी त्याने ते स्वतःच्या छापखान्यात छापलं होतं. आता मात्र ते त्या पुस्तकात असं बसलं होतं, की पावणेपाचशे वर्षांत तिथून हललंच नसावं.

"हात खिशात ठेव," आल्विझेने त्याला सकाळीच बजावलं होतं. "नखं बघ तुझी. काजळी अजून गेलेली नाही. आणि तोंड तर उघडूच नकोस."

दुकान आल्विझेचं. व्हेनिसमध्ये जुन्या वस्तू विकणारे पुष्कळ, पण खोटं बोलताना इतका प्रामाणिक दिसणारा दुसरा नाही. ल्यूट हे तंतुवाद्य वाजवणाऱ्यांसाठी छापलेलं हे पुस्तक त्याच्या हाती लागलं तेव्हा त्यात एक पान कमी होतं. अपुरं पुस्तक सरकारी ग्रंथालय घेणार नव्हतं. जगात पुऱ्या प्रती दोनच. त्यांतल्या एकीतल्या त्या पानाचा फोटो आल्विझेने ऑरेस्तेपुढे टाकला आणि भिंतीवरच्या ल्यूटकडे बोट केलं. "पान खपलं, तर ते तुझं."

त्या ल्यूटवर ऑरेस्तेचा वीस वर्षं जीव होता. दर शनिवारी येऊन तो ते फुकट सुरात लावून जायचा. काळपट लाकडाचं, फुगीर पाठीचं ते वाद्य मांडीवर घेतलं की त्याला उठावंसं वाटायचं नाही. म्हणून तो कामाला लागला. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे ओतले. जवसाच्या तेलात काजळी घोटली. चर्चच्या जुन्या वहीतली कोरी पानं मिळवली. फोटोत एक अक्षर अर्धवट उमटलं होतं, तर त्याने तो खिळा कानशीने घासून तसाच अर्धवट उमटवला. चोरी करायची तर नीट करावी, असा त्याचा स्वभाव.

फक्त एका ठिकाणी त्याचा हात अडला. त्या छपाईत सहा रेघा म्हणजे ल्यूटच्या तारा आणि रेघेवरचा आकडा म्हणजे बोट कितव्या पडद्यावर ठेवायचं ते. चौथ्या ओळीत फोटोमध्ये तीनचा आकडा होता. तो वाजवला की घासात खडा लागावा तसं व्हायचं. ऑरेस्तेने रात्री दोनदा उठून तो वाजवून पाहिला. मग तिथे दोनचा खिळा बसवला आणि आल्विझेला सांगितलं नाही. आल्विझेला आकडे कळायचे ते किमतीचे.

"कागद चांगला आहे," इल्दाबाई म्हणाल्या. भिंग त्यांनी बाजूला ठेवलं. "शाईही."

इल्दा फावारेत्तो ग्रंथालयाच्या तज्ज्ञ. जन्मभर त्यांनी संगीतशाळेत ल्यूट शिकवलं होतं. त्यांनी मान डोलावली की वस्तू खरी, नाहीतर रद्दी. ऑरेस्तेने त्यांना दारातच ओळखलं होतं. त्यांनी त्याला ओळखायचं कारण नव्हतं. बेचाळीस वर्षांपूर्वी शाळेच्या प्रवेश परीक्षेत त्यांनी ज्या पोरांना घरी पाठवलं, त्यांतला तो एक. "तुला कान नाही, पोरा," तरुण इल्दाबाई म्हणाल्या होत्या. "हातांचं काहीतरी शिक." तो शिकला.

"आता वाजवून बघते," म्हणत बाईंनी भिंतीवरचं ल्यूट उतरवलं.

आल्विझे कौतुकाने हसत होता. ऑरेस्ते ओळी मोजू लागला. पहिली ओळ झाली. दुसरी, तिसरी झाली. चौथीत बाई थबकल्या. थोडं मागे जाऊन पुन्हा वाजवलं. पुन्हा थबकल्या.

"इथे दोन छापलाय."

"मग?" आल्विझे म्हणाला.

"इथे तीन असतो. दोन्ही प्रतींत तीन आहे."

आल्विझेचं हसू तोंडावरच वाळलं. त्याने ऑरेस्तेकडे असं पाहिलं, की खिशातले हातसुद्धा गार पडले. बाईंनी त्या जागी आधी तीन वाजवला, मग दोन, मग पुन्हा दोन. बाहेर पाणी चढत असल्याचा भोंगा झाला, पण त्यांनी बुटांकडेही पाहिलं नाही. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आयुष्यभर मी तीन शिकवला," त्या म्हणाल्या. "पोरांना सांगायचे, खटकतं ते तुम्हाला, हे त्या काळातलं धाडस आहे. धाडस कसलं, छपाईची चूक होती ती! छापता छापता कुणीतरी यंत्र थांबवलं, एक खिळा काढून दुसरा बसवला. त्या काळी करायचे असं. आल्विझे, त्या दोन प्रती चुकीच्या. बरोबर पान जगात हे एकच."

"मी तेच म्हणणार होतो," आल्विझे म्हणाला.

बाईंनी दाखल्यावर सही करायला पेन काढलं. "आणि कान बघा त्या माणसाचा! आज समोर असता, तर मी त्याचे हात ओठांना लावले असते."

आल्विझेने ल्यूट उचलून ऑरेस्तेसमोर धरलं आणि हळूच डोळा मारला. "घे रे. घरी ने."

ऑरेस्तेने दोन्ही हात खिशातून काढले. ते ल्यूटकडे गेले नाहीत. त्याने ते टेबलावर, उघड्या पुस्तकाशेजारी, बाईंच्या पुढ्यात पालथे ठेवले. नखांमध्ये काजळी होती.

"हे घ्या ते हात, बाई," तो म्हणाला. "प्रवेश परीक्षेच्या दिवशीही या जागी मी दोनच वाजवला होता."